गुरुबसप्पाच्या जिभेला वळण

७ एप्रिल १९७४, रविवार. सकाळी साडेसहा.
आजपासून गुरुबसप्पाशी संबंध संपला. कायमचा. हे वाक्य शाईने लिहिले आहे, पेन्सिलीने नाही.
रागाच्या भरात घेतलेला निर्णय नव्हे. रात्रभर विचार केला. मालती म्हणते, तुम्ही तर घोरत होता. घोरतानाही माणूस विचार करू शकतो.
घटना थोडक्यात लिहून ठेवतो. उद्या कुणी उलटसुलट बोललं तर रेकॉर्ड असावं. गुरुबसप्पाच्या महादेवीचं लग्न १२ मेला आहे. मुलगा अक्कलकोटचा. त्यासाठी मी पंधरा दिवस खपून आठ मंगलाष्टकं रचली. त्याने सांगितलं नव्हतं. पण सांगितल्यावर करतो तो नोकर, न सांगता करतो तो मित्र. एकेका कडव्यात त्याचा एकेक नातेवाईक गावासकट बसवला. काल संध्याकाळी बाळीवेशीत त्याच्या घरी जाऊन सर्वांसमक्ष चालीवर म्हणायला सुरुवात केली. 'आले मातुल पूज्य जे कडबगावाहून धोंडप्प ते.' शार्दूलविक्रीडितासाठी धोंडप्पा मामाचा शेवटचा काना काढावा लागला, एवढीच तडजोड.
चौथ्या कडव्याला गुरुबसप्पाने हात वर केला. म्हणाला, "कमळ्या, कडबगावहून आले, दुधनीहून आले, मैंदर्गीहून आले. हे मंगलाष्टक हाय का अक्कलकोट स्टँडचं टाइमटेबल बे?"
सगळे हसले. लग्न लावणारे स्वामी हसले. ज्याला मी अजरामर केला तो धोंडप्पा सर्वांत जास्त हसला.
मी अत्यंत शांतपणे फक्त दोन वाक्यं बोललो आणि उठलो.
यावरही मी क्षमा केली असती. पण मी दारात चपला घालत असताना तो बायकोला कानडीत काहीतरी म्हणाला. त्याला वाटतं मला कानडी येत नाही. बोलता येत नाही हे खरं, पण कळतं सगळं. सोलापुरात सव्वीस वर्षं काढली आहेत. स्पष्ट ऐकलं, 'कत्ति आतु.' कत्ति म्हणजे गाढव. आतु म्हणजे झालं. गाढव झाला!
मराठीत तो मला रोजच गाढव म्हणतो. त्याचं काही नाही, त्याच्या जिभेला हाडच नाही. पण कानडीत? बायकोला? माझ्या पाठीमागे?
नीलम्मावहिनींनी त्याच वेळी हातात बॅटरी दिली, ती रागाच्या भरात घेऊन आलो. सेल नवे दिसतात.

८ एप्रिल, सोमवार.
नवा कार्यक्रम. ऑफिसला जाताना मंगळवार पेठ टाळायची, कारण तिथे त्याचं डाळ-मिरचीचं दुकान. लांबून वळसा घेतला. वीस मिनिटं उशीर झाला. सहकारी गंगाधरने घड्याळाकडे पाहिलं, पण बोलला नाही. ऑफिसात माझ्याबद्दल आदर आहे.
आजवर रोज सहा ते साडेसात त्या दुकानात पोत्यावर बसून वाया घालवले. दिवसाला दीड तास. सव्वीस वर्षांत किती झाले याचा हिशोब करता करताच सव्वासहा वाजले. यापुढे या वेळात वृत्तदर्पणाचा अभ्यास आणि बारा सूर्यनमस्कार.
सहा वीसला मालतीने विचारलं, अहो, पुस्तक वाचायला चपला कशाला घातल्यात?

१० एप्रिल, बुधवार.
मालती शेवया करायला नीलम्मावहिनींकडे गेली. मी बजावलं की हा घराच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. म्हणाली, तुमचा स्वाभिमान तुमच्यापाशी, तिकडे चार पायल्या गहू भिजलाय.
परत आल्यावर मी काहीही विचारलं नाही. फक्त तो काही म्हणाला का, एवढंच विचारलं. चार-पाच वेळा. म्हणाली, भावजी मांडववाल्याला शिव्या देत होते. म्हणजे त्याचं मन थाऱ्यावर नाही. आतून पोखरला गेला आहे.
सूर्यनमस्कार उद्यापासून. आज ऊन फार होतं.

१३ एप्रिल, शनिवार.
एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि एकटाच हसलो. लग्न म्हणजे साखर. साखर म्हणजे परमिट. परमिट म्हणजे आमचं पुरवठा ऑफिस. साखरेचं टेबल गंगाधरचं असलं तरी त्याच्या शेजारचं टेबल माझं. म्हणजे गुरुबसप्पाला माझ्यासमोरून जावंच लागेल.
मी काय करायचं ते ठरवून ठेवलं आहे. मान वर करायची नाही. त्याने 'कमळ्या' म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. 'कमलाकरराव' म्हटलं तर चष्म्यावरून पाहायचं. मग खुर्ची द्यायची, चहा मागवायचा आणि अर्ज स्वतः गंगाधरच्या हातात द्यायचा. मोठेपणा म्हणतात तो हाच.
चहाचे दोन कप सांगून ठेवायला हरकत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार.
आला नाही. काल आणि आज दुपारी जेवायला उठलो नाही, न जाणो त्याच वेळी यायचा. पित्त झालं.
त्यात मालतीने घरी विषय काढला. म्हणाली, तुम्ही त्या दिवशी बोललेली दोन वाक्यं मला नीलम्मांनी सांगितली. मी म्हटलं, सांगू देत, मला लपवायचं काही नाही. पहिलं वाक्य एवढंच होतं, की ज्याच्या कानाला तराजूच्या खणखणाटापलीकडे काही कळत नाही त्याच्यापुढे काव्य म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. ही टीका आहे, शिवी नव्हे.
मालती म्हणाली, आणि दुसरं?
दुसरं मला नीट आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. 'पोरगी उजवायच्या घाईत एका तोतऱ्याच्या गळ्यात बांधतोयस. त्याला शुभमंगल म्हणायला लाव, मुहूर्त टळून जाईल.'
मुलगा अडखळत बोलतो ही वस्तुस्थिती आहे. शब्दही कोशातला आहे. पण मालती म्हणाली, महादेवी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती.
मी तिला पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर हळू बोललो असतो.
ही पोर चौथीत असताना मी तिला रोज संध्याकाळी त्याच दुकानात पाढे शिकवायचो. एकोणिसाच्या पाढ्याला रडायची. असो. ते वेगळं.

१९ एप्रिल, शुक्रवार.
विचार केला. दोष माझ्या वाक्यांचा नाही, वातावरणाचा आहे. त्या घरात कुणी नीट बोलतच नाही. गुरुबसप्पा हमालाला हलकट म्हणतो, भावाला दिवाळखोर, गिऱ्हाइकाला 'ये की चोरा'. लोकही खुशाल हसतात आणि दुप्पट माल घेतात. मी सव्वीस वर्षं अशा भाषेत राहिलो म्हणून माझ्याही तोंडून एखादा शब्द निसटला. मूळ रोग त्याचा, मला फक्त संसर्ग झाला.
म्हणजे खरं काम काय? संबंध तोडणं नव्हे. त्याच्या जिभेला वळण लावणं. मित्र म्हणून ती माझी जबाबदारी आहे. (संबंध संपला आहे हे गृहीत धरूनच.)

२२ एप्रिल, सोमवार. ऑफिस, दुपारी तीन.
आमचा शिपाई चन्नप्पा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलतो. त्याला आज सहज विचारलं. म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाला त्याचा मित्र कानडीत गाढव म्हणाला. 'कत्ति आतु, ब्याटरी कोडु.' हे शिष्टाचाराला धरून आहे का?
चन्नप्पाने दोनदा म्हणून घेतलं आणि हसायला लागला. म्हणाला, "कत्ति न्हवं साहेब, कत्तलातु. कत्तलातु म्हंजी अंधार पडला की. अंधार पडलाय, बॅटरी दे, असं म्हणलंय ते. भांडणातबी बॅटरी देतंय म्हंजी लई चांगला माणूस हाय. कोण हो?"
मी म्हटलं, त्या गृहस्थाला कळवतो.

त्याच दिवशी, घरी, संध्याकाळी सात.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगली पंधरा मिनिटं फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी त्याच्या लेकीला, जावयाला, त्याला स्वतःला टाकून बोललो होतो, आणि हा बायकोला सांगत होता की बाहेर अंधार आहे.
नंतर दुसरी बाजू लक्षात आली. अंधार पडला, हे तो कशावरून म्हणाला? माझी मंगलाष्टकं ऐकून म्हणाला असेल तर? कुणाच्या काव्यावर 'अंधार पडला' असा शेरा मारणं हे गाढवापेक्षा वाईट.
आणि टाइमटेबल तर मराठीतच म्हणाला होता.

२५ एप्रिल, गुरुवार.
दोन मार्ग होते. दुकानात जाऊन 'चुकलो बाबा' म्हणणं किंवा लिहिणं. मी लिहिणारा माणूस आहे, म्हणून लिहायचं ठरवलं.
पहिला मसुदा एका ओळीचा झाला. 'बसप्पा, माझी जीभ घसरली, पोरीची माफी मागायला येऊ का?' वाचून पाहिला. फार उघडा वाटला. त्यात माझी बाजूच नव्हती. मग दुसरा केला, तिसरा केला. सहाव्या मसुद्याला पत्राला आकार आला.
विषय : परस्पर संभाषणातील भाषेबाबत.
(अ) यापुढे चारचौघांत अथवा खाजगीत 'कमळ्या', 'लेका', 'गाढवा', 'बे' ही संबोधने वापरू नयेत. (आ) एकेरी उल्लेख टाळावा. (इ) साहित्यविषयक मतप्रदर्शन विचारल्याखेरीज करू नये. (ई) कानडीत बोलायचे झाल्यास मराठी अर्थ सोबत द्यावा. (उ) निम्नस्वाक्षरीकाराकडून काही कमीजास्त बोलले गेले असल्यास ते रद्दबातल समजावे.
मालतीने वाचलं. विचारलं, यात महादेवीचं नाव कुठे आहे? मी म्हटलं, कुटुंबप्रमुखांच्या पत्रव्यवहारात मुलांची नावं घालत नाहीत. (उ) मध्ये सगळं आलं. ती म्हणाली, तुम्ही हे पाठवू नका हो.
रजिस्टर एडी केलं. पोचपावती हवी.

१ मे, बुधवार.
पोचपावती आली. कानडीत सही आहे, तीच ती, आडवी पसरलेली. उत्तर मात्र नाही.
मालती पापड लाटायला गेली होती, ती हकीकत घेऊन आली. पत्र येईपर्यंत म्हणे तो रोज संध्याकाळी दुकानातल्या माणसांना विचारायचा, "आमचं गाढव अजून आलं न्हाई का? रुसू दे, रुसून रुसून कुटं जाईल, येतंय की." माझ्या पोत्यावर कुणाला बसू देत नव्हता. परवा पत्र आलं. दोनदा वाचलं. घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं. तेव्हापासून विचारलं नाही. काल त्या पोत्यातली डाळ विकली.
म्हणजे पत्राचा परिणाम झाला. गाढव म्हणणं बंद.
मालतीला हे समजावून सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

४ मे, शनिवार.
लग्नपत्रिका आली. पोस्टाने. लिफाफ्यावर 'श्री. कमलाकर हरी माढेकर, सीनियर क्लार्क, यांसी स. न. वि. वि.' संपूर्ण नाव, हुद्द्यासह. सव्वीस वर्षांत त्याच्याकडून पहिल्यांदा.
शेजारच्या गिरिजाबाई म्हणाल्या, आमच्याकडे दोघं नवराबायको अक्षता घेऊन स्वतः आले होते, पाऊण तास बसले. गिरिजाबाईंकडे लिहिता-वाचता कुणाला येत नाही, म्हणून जावं लागलं असेल.

८ मे, बुधवार.
आजपासून रेल्वेचा संप. अक्कलकोटचं वऱ्हाड ट्रकने येणार म्हणे.
मला वेगळीच काळजी. लग्न चार दिवसांवर आलं तरी साखरेचा अर्ज नाही. शेवटी गंगाधरला मीच विचारलं, आमच्या गुरुबसप्पाचं परमिट राहिलं तर नाही ना? त्याने रजिस्टर पाहिलं. अर्जच नाही. घाबरून घरी आलो. म्हटलं, हा अभिमानापोटी लेकीच्या लग्नात बिनगोडाचं जेवण घालणार.
मालतीने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, त्यांच्या लग्नात हुग्गी असते. गव्हाची खीर. ती गुळाची असते. सव्वीस वर्षं वाट्याच्या वाट्या चापताय.
हे माझ्या लक्षात होतंच. पण नियमाने अर्ज करून ठेवायला काय हरकत होती?

११ मे, शनिवार.
उद्या लग्न. मालती पहाटेच तिकडे गेली आणि राहणार आहे. मी उद्या फक्त अक्षता टाकून परत येणार. जेवणार नाही. उगीच कुणाला वाटायला नको.
महादेवीला म्हणायचं वाक्य तयार केलं. 'पोरी, त्या दिवशी मी चुकलो, काकाला पोटात घाल.' आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं. मंगलाष्टकांचे कागदही खिशात ठेवणार आहे. स्वामींना ऐन वेळी अडचण आली तर असावेत.

१२ मे, रविवार. संध्याकाळी पाच.
स्वामींना अडचण आली नाही.
मांडवाच्या तोंडाशी गुरुबसप्पा उभा होता. पांढरा फेटा, धोतर, घामाने निथळलेला. मला पाहिलं आणि हात जोडले. "या कमलाकरराव. तुमी आलात, लई बरं वाटलं. बसा. जेवल्याबिगर जाऊ नका."
मला पहिल्या रांगेत खुर्ची. शेजारी बँकेचे मॅनेजर. एका पोरीने गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने पेढा दिला. मॅनेजरला दिला तस्साच. एवढा मान मला कुठल्याही लग्नात मिळालेला नाही.
तो मात्र सुधारलेला नाही, हे खेदाने नमूद करतो. अर्ध्या तासात मी मोजलं, सात जणांना शिव्या घातल्या. धोंडप्पा मामाला म्हणाला, "ए म्हातारड्या, बोहल्यावर तू चढणार हायस का, सर की बाजूला." म्हातारा खूश. आचाऱ्याला चोर म्हणाला, आणि पुढच्या क्षणी त्याचा घाम स्वतःच्या उपरण्याने पुसला. माझ्या खुर्चीजवळून चारदा गेला. दर वेळी थोडा वाकून, बाजूने.
मी मुद्दाम पाय मध्ये ठेवला. एरवी म्हणाला असता, ए लंगड्या, तंगडी आवर. म्हणाला, "माफ करा हं."
अक्षता झाल्यावर महादेवी पाया पडायला आली. वाक्य तोंडाशी आलं होतं. म्हणालो, यंदा ऊन फार आहे. ती म्हणाली, हो काका.
जावयाने वाकून नमस्कार केला. म्हणाला, तुम्ही मं... मं... मंगलाष्टकं केली होती ना, हिनं सांगितलं, मला द्याल का? त्या एका वाक्याला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तो हसतच होता. तिने सांगितलं होतं. तिने बाकीचं काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, कागद घरी राहिले. खिशात होते.
हुग्गी दोन वाट्या खाल्ली. आग्रह कुणी केला नाही, फक्त विचारलं, आणखी वाढू का.

१५ मे, बुधवार.
मोहीम यशस्वी झाली, असंच म्हटलं पाहिजे. जो माणूस जन्मात कुणाला अहो म्हणाला नाही, तो मला अहो म्हणतो. कलम (अ) ते (ई), चारही तंतोतंत पाळली जात आहेत. लग्नात माझ्यासमोर तो कानडीत एक अक्षर बोलला नाही.
मंगलाष्टकं अक्कलकोटला पोस्टाने पाठवली. सोबत चार ओळी महादेवीला. या वेळी पहिला मसुदाच पाठवला. रजिस्टर केलं नाही.

१९ मे, रविवार.
सहा वाजता मिलचा भोंगा झाला तेव्हा मंगळवार पेठेत होतो. कसा ते आठवत नाही. दुकानात गेलो नाही. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. माझ्या पोत्याच्या जागी एक लोखंडी खुर्ची ठेवली आहे.
घरी येऊन मालतीला म्हटलं, पत्र मागे घेण्याची काही पद्धत असते का? आमच्याकडे असते, चुकीचा आदेश रद्द करता येतो. ती म्हणाली, भावजी काही ऑफिस आहेत का?

२१ मे, मंगळवार.
शेवटी जायचंच ठरवलं. पण नुसतं जाऊन 'चुकलो' म्हणण्यापेक्षा त्याला बोलतं करावं, असा विचार केला. त्याचा माल नावाजला नाही तर तो पेटतो. एकदा कुणीतरी त्याच्या मिरचीला नावं ठेवली, तेव्हा त्याने त्या माणसाची सात पिढ्यांची वंशावळ सगळ्या पेठेला ऐकवली होती आणि मग त्याच्याबरोबर बसून चहा प्याला होता. म्हणून भांडणाआधी त्याच्याकडूनच घेतलेली मिरची पिशवीत घालून नेली.
त्याने उठून खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. चार गिऱ्हाइकं होती, मोठ्याने म्हणालो, बसप्पा, ही मिरची आहे का भेंडी वाळवून विकतोस? लाज नाही वाटत? लोक वळून बघायला लागले. हमालाने पोतं उचलता उचलता खाली ठेवलं.
मी वाट पाहत होतो. मनातल्या मनात म्हणतही होतो, बोल रे, एकदा बोल, गाढव म्हण, चोर म्हण, काहीही म्हण.
त्याने मिरची हातात घेतली, मोडली, वास घेतला. चांगली होती, हे त्याला कळलं. मला तर आधीच माहीत होतं. म्हणाला, "कमलाकरराव, तुमी म्हणताय म्हंजी असंल की. बदलून देतो." हमालाला नवी मिरची बांधायला सांगितली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "काय बे चोरा, आज काय पायजे?"
मिरची घेऊन घरी आलो. मालती दारातच उभी होती. पिशवी घेतली आणि विचारलं, काय म्हणाले भावजी?
म्हटलं, 'तुमी' म्हणाला.